सुगंधा ‘व्हय’ म्हणाली होती

“...मग ती हो कशाला म्हणाली, बाई?”

सौमित्रनं पुन्हा तेच विचारलं.

बाईंनी मान वर केली नाही. दवाखान्याच्या ओसरीवर बसून त्या गॉजच्या, म्हणजे मलमपट्टीच्या जाळीदार कापडाच्या, चौकोनी घड्या घालत होत्या आणि शेजारच्या स्टीलच्या ड्रममध्ये रचत होत्या. ड्रम भरला की जंतू मारायला वाफेवर जायचा. आडवणच्या दवाखान्यात बाकीची सगळी कामं नर्सबाई करत, पण ह्या घड्या बाईंच्या. हात कामात असले की बाईंचे कान जास्त उघडे असतात, असं लोक म्हणत. बाई काहीच म्हणत नसत.

“यायचं नव्हतं तर तसं सांगायचं. मी काय खाणार होतो का तिला?”

“ओरडू नकोस. बाकावर माणसं आहेत.”

“ओरडत नाही, बाई. आठवा महिना आहे. पायावर सूज, दाब चढलेला. पहिलटकरीण. आणि काल बाजार होऊन गेला तरी पत्ता नाही. वर धनगरवाड्यावर मोबाईल लागत नाही. तिला झटके आले असतील तर इथं कोणाला कळणार...”



बाईंनी आणखी एक घडी ड्रममध्ये ठेवली.

आता बाई म्हणजे कोण, ते सांगायला हवं. डॉक्टर अनसूया खर्डेकर. तरुणपणी ह्या डोंगरात आल्या, दवाखाना काढला आणि इथल्याच होऊन गेल्या. नाव कोणी घेत नसे. बाई म्हटलं की त्याच. शहरातल्या कॉलेजातली मुलं त्यांच्या हाताखाली यायची, खेड्यातलं डॉक्टरपण शिकायला. आल्या दिवशी बाई प्रत्येकाला एकच विचारायच्या.

“उंबरदांडला एकटा राहशील?”

उंबरदांड म्हणजे खोऱ्याचं अगदी शेवटचं टोक. तिथं बाईंनी लहानसा दवाखाना बांधून ठेवलेला. औषधाचं कपाट होतं, खाट होती, पाण्याची टाकी होती. डॉक्टर नव्हता. दाराला कुलूप.

सौमित्र राजाध्यक्ष आला तेव्हा त्यालाही विचारलं. हा कॉलेजात पहिला आलेला, गळ्यात सोन्याचं पदक पडलेला मुलगा. शहरातली चांगली जागा सोडून, आईबापांशी भांडून आलेला. मनानं खरा होता, त्यात काही खोट नाही.

“हो,” तो म्हणाला. पापणीसुद्धा लवली नाही.

“बघू,” बाई म्हणाल्या.

भाताची लावणी झाली, कापणी झाली. सौमित्र रोज वाट बघायचा, आज बाई किल्ली देतील, उद्या देतील. कुलूप होतं तिथंच होतं.

आणि गेल्या बाजारादिवशी सुगंधा आली.

सुगंधा झोरे. वाघजाईच्या धनगरवाड्यावरची नवी सून. एवढीशी पोर, पदराचं टोक दातात धरून बसलेली. शेजारी सासू, भागूबाई. सौमित्रनं तपासलं, दाब पुन्हा मोजला. चढलेलाच होता. पण चेहऱ्यावर त्यानं काही दिसू दिलं नाही. पुढं बराच वेळ तो त्या पोरीला समजावत बसला. कागदावर चित्र काढलं. गोळी कशी घ्यायची, मीठ किती कमी, पडून किती राहायचं. डोकं ठणकलं, डोळ्यांपुढं काजवे चमकले, पोटात वरच्या अंगाला कळ आली, की असाल तशा दवाखान्यात निघून या. आणि काही झालं नाही तरी पुढच्या बाजाराला यायचंच.

इतकं छान समजावलं की नर्स मंदाताईसुद्धा हातातलं काम सोडून ऐकत राहिली.

“समजलं ना?”

“व्हय.”

“पुढच्या बाजाराला नक्की याल?”

“व्हय.”

सासूकडं बघितलं. सासूनंही मान हलवली. व्हय.

आणि आली नाही.

“बाई, तुम्ही काही बोलत का नाही?”

बाईंनी गॉजची गुंडाळी खाली ठेवली. “तू वर जा. आत्ता निघ. दाबाचं यंत्र घे, गोळ्या घे. इथून खाचरांच्या बांधानं जायचं. पाणंद संपली की ओढा ओलांडायचा नाही, उजव्या अंगानं चढायचं. घोडखिंड सोडून वर गेलास की सडा लागेल. सड्याच्या टोकाला वाडा. समजलं?”

दोन बांधांमधल्या वाटेला पाणंद म्हणतात, हे सौमित्रला ठाऊक नव्हतं. घोडखिंड कुठली, ती सोडायची म्हणजे डावीकडं की उजवीकडं, तेही नाही. पण बाकावर माणसं होती. खोकणारा म्हातारा होता, कडेवर पोर घेतलेली बाई होती, मंदाताई दारात होती. सगळी त्याच्याकडंच बघत होती.

“हो,” तो म्हणाला.

“परत सांगू?”

“नको, बाई. समजलं.”

बाईंनी त्याच्याकडं जरा बघितलं. मग गॉज उचललं.

आता पुढं काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा. सौमित्रनं नेमका ओढा ओलांडला. पलीकडं म्हशींची एक वाट होती, तीच धरून चालत राहिला. वाट करवंदीच्या जाळीत शिरली आणि तिथंच संपली. शर्ट फाटला, हात ओरबाडले. मागं फिरला तर ओढा कुठं राहिला तेही कळेना. उन्हं डोक्यावर आली. पाणी संपलं. आणि प्रत्येक पावलाला मनात एकच. ती तिकडं डोळे पांढरे करून पडली असेल, आणि मी इथं जाळीत.

कोणाला विचारावं, तर माणूस नाही.

शेवटी लाकडं तोडणारा एक गडी भेटला. त्यानं हसू दाबत त्याला पार सड्यावर आणून सोडलं. सडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचं उघडं बोडकं पठार, हे सौमित्रला त्याच्यावर उभा राहिल्यावर कळलं.

वाड्यात भागूबाई म्हशीला आंबोण घालत होती.

“मावशी, सुगंधा कुठाय?”

“अगं बया, डाक्टर! आन ही काय दशा? बसा, ताक आणते.”

“ताक नको. सुगंधा कुठाय?”

“म्हायेराला.”

“म्हणजे... बरी आहे?”

“गेली तवा तर बरी व्हती. भाऊ आलता मुराळी, न्यायला. वटी भरली आन धाडली. पयलं बाळातपण म्हायेरालाच की ओ.”

सौमित्र म्हशीच्या गव्हाणीला टेकला. 

“कधी गेली?”

“तुमच्याकडनं आलो, त्याच्या दुसऱ्या दिशी.”

“दुसऱ्या...? म्हणजे दवाखान्यात बसलात तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं?”

“व्हय की. सांगावा आधीच आलता.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

“तुमी इचारलं न्हाई.”

“मी विचारलं! पुढच्या बाजाराला येणार का, असं स्पष्ट विचारलं. ती हो म्हणाली. तुम्हीपण मान हलवलीत.”

भागूबाईनं आंबोणाची बादली खाली ठेवली. हात पदराला पुसले.

“सायेब, तुमी एवढा जीव तोडून सांगत व्हता. चित्रं काढत व्हता. एवढ्या लांबनं आमच्यासाठी आलेला माणूस. त्याच्या तोंडावर न्हाई म्हणाया बरं दिसतंय व्हय?”



“तिचं माहेर कुठं?”

“कांदवणला. लांब न्हाई. हितनं सड्याच्या कडंनं जावा. वाघजाईचं देऊळ डाव्या अंगाला सोडा. खाली कोंड दिसंल, कोंडात उतरायचं न्हाई, वरच्या धारंनं जावा. जांभळीपाशी फाटा फुटतोय. समजलं न्हवं?”

“ह...”

हो तोंडात आलंच होतं. जिभेच्या टोकावर.

भागूबाई बघत होती. शेजारच्या खोपटातून दोन बाया डोकावून बघत होत्या. एक म्हातारा घोंगडं सावरत येऊन उभा राहिला होता.

सौमित्रनं तोंड मिटलं.

“...नाही, मावशी. नाही समजलं.”

“आं?”

“कोंड म्हणजे काय ते मला माहीत नाही. सकाळी बाईंनी वाट सांगितली, तीही समजली नव्हती. तरी हो म्हणालो. म्हणून तर हे असं झालं.” त्यानं फाटकी बाही पुढं केली.

खोपटातल्या बाया फिसकन हसल्या.

“आन मग बाईला परत इचारायचं न्हाई?” भागूबाई म्हणाली.

“लोक बघत होते.”

भागूबाईचं हसू हळूहळू ओसरलं. तिनं म्हशीच्या पाठीवर हात ठेवला. 

“...दवाखान्यात आमच्याकडंबी बघत व्हते, बाबा.”

एवढं म्हणून तिनं कोनाड्यातली चप्पल काढली, पायात सरकवली.

“चल. मीच येते. सांगून कळायचं न्हाई तुला.”

सकाळपासून तो सायेब होता, डाक्टर होता. वाटेला लागल्यावर तो बाबा झाला, आणि ते त्याला कुठंतरी बरं वाटलं. भागूबाई पुढं, हा मागं. ती दाखवत गेली, ही डोंगराची कड म्हणजे धार, तो खालचा खोलगट भाग म्हणजे कोंड, हितं पाऊल जपून टाक. तो लहान पोरासारखा मागं म्हणत गेला. धार. कोंड. बोलता बोलता तिनं सांगितलं की सुगंधाच्या आईची पहिली लेक बाळंतपणातच गेली होती, असेच पाय सुजून. दवाखान्यात हे कोणी सांगितलं नव्हतं. त्यानं पाय उचलले.

कांदवणला पोचले तेव्हा उन्हं कलली होती.

सुगंधा अंगणात बसली होती. सुपात नाचणी, पाखडायचं काम चाललेलं. डॉक्टरला बघून धडपडून उठायला लागली.

“बसा. बसा तुम्ही, ताई.”

त्यानं तिच्या दंडाला पट्टा बांधला. फुगा दाबला. कानात नळ्या, नजर काट्यावर.  सुगंधाची आई उंबऱ्यात उभी, तोंडावर पदर धरून.

काटा उतरत आला...

सौमित्रनं पुन्हा एकदा मोजलं. मग कानातल्या नळ्या काढल्या.

चढला नव्हता. गेल्या वेळी होता तिथंच होता. पायाची सूजही वाढलेली नव्हती. बाळाचे ठोके ऐकले, घोडा दौडावा तसे येत होते, स्वच्छ.

तो तिथंच अंगणात मातीवर बसला. जीव भांड्यात पडला म्हणतात, तसा पडला.

“काय झालं ओ?” आई घाबरून म्हणाली.

“काही नाही, मावशी. काही झालं नाही. म्हणूनच बसलो.”

सुगंधाच्या आईनं पाण्याचा तांब्या आणला. तो सगळा तांब्या प्यायला. मग त्यानं गोळ्यांची पाकिटं काढली. समजावायला तोंड उघडलं... आणि मिटलं.

“ताई, ही गोळी तुम्ही कशी घेता, ते तुमच्या आईला सांगा बरं. मी ऐकतो.”

सुगंधानं सासूकडं बघितलं, आईकडं बघितलं. पायाच्या अंगठ्यानं माती उकरली.

“डोकं दुखलं की घेते.”

“किती वेळा घेतलीत?”

“एकदाच. वाटंत दुखलं तवा.”

आता डोकं दुखत नाही ना, ते सौमित्रनं आधी विचारून घेतलं. एवढं चित्र काढलं, एवढं समजावलं, आणि तिच्या मनात ती डोकेदुखीची गोळी झाली होती. रागवावं, तर कोणावर?

“माझं सांगायचं चुकलं,” तो म्हणाला. “डोकं दुखो न दुखो, सकाळी एक आणि दिवेलागणीला एक. आता तुम्ही सांगा.”

तिनं सांगितलं. अर्धं चुकलं. त्यानं पुन्हा सांगितलं. तिनं पुन्हा सांगितलं, ह्या वेळी बरोबर. मग आईनं सांगितलं. मग भागूबाईनं न विचारताच सांगितलं, आणि काजवे चमकले की काय करायचं तेही सांगितलं, वर म्हणाली, “मला काय इचारत न्हाईस?” सगळे हसले. सुगंधापण. तिचे दात त्यानं तेव्हा पहिल्यांदा बघितले.

“आता तारखेपर्यंत थांबायचं नाही. दवाखान्यातच राहायला यायचं. येत्या बाजाराला याल?”

हसू थांबलं.

सुगंधानं पदराचं टोक दातात धरलं. सासूकडं बघितलं. मग त्या ओरबाडलेल्या हाताकडं, फाटक्या बाहीकडं.

“...न्हाई.”

अंगणात कोणी हललं नाही. आईनं डोळे वटारले. पोरीनं डॉक्टरला तोंडावर न्हाई म्हणायचं?

“का हो, ताई?”

“बाजारादिशी जीप भरून जातीया. उभ्यानं जावं लागतंय. माझं पाय सुजत्यात.”

“मग कधी जमेल?”

“आयतवारी. दुधाची गाडी आडवणला जातीया. म्होरं बसाया मिळतंय.”

सौमित्र हसायला लागला. का हसतोय ते कोणालाच कळेना, पण हसणं असं मोकळं होतं की आईचे वटारलेले डोळेही निवले.

“या रविवारी. मी दारातच थांबतो.”

रात्री त्याला त्यांनी जाऊ दिलं नाही. नाचणीची भाकरी आणि लोणी खाऊन तो मेल्यासारखा झोपला.

दुसऱ्या दिवशी आडवणला आला तेव्हा बाई ओसरीवरच होत्या. मांडीवर गॉज.

“भेटली?”

“भेटली. बरी आहे. बाळ बरं आहे. बाई, काल वाट मला समजली नव्हती. मी खोटंच हो म्हणालो.”

“हं.”

“तुम्हाला कळलं होतं?”

“मी विचारलं की, परत सांगू का म्हणून.”

त्यानं यंत्र खाली ठेवलं. मग बाईंच्या समोर पायरीवर बसला.

“येते म्हणाली का बाजाराला?”

“नाही म्हणाली.”

बाईंचा हात थांबला. घडी अर्धीच राहिली.

“नाही म्हणाली? तुला? तोंडावर?”

“हो. बाजाराला नाही, रविवारी येते म्हणाली. दुधाच्या गाडीनं.”

बाईंनी घडी पुरी केली. ड्रममध्ये ठेवली.

“मग येईल.”

आणि आली. दुधाच्या गाडीतून, ड्रायव्हरच्या शेजारी बसून, कडेला बोचकं घेऊन. भागूबाई मागं रिकाम्या कॅनांच्या मध्ये. बाईंनी सुगंधाला ठेवून घेतलं. दाब चढला, उतरला, पुन्हा चढला. पोरीनं एका पहाटे आपणहून मंदाताईला हाक मारली, डोळ्यांपुढं काजवे चमकतायत म्हणाली. बाई आणि सौमित्र धावले. उजाडेपर्यंत जे जे करायचं ते सगळं केलं. ऊन ओसरीवर आलं आणि आतून रडणं ऐकू आलं. बारीक, पण चांगलं चिडलेलं.

मुलगी होती. भागूबाईनं नातीला हातात घेतलं, वास घेतला, आणि मग सौमित्रच्या गालावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली.

सुगंधा डोळे मिटून पडली होती. सौमित्र वाकला.

“बरं वाटतंय का, ताई?”

“न्हाई,” ती म्हणाली. “पाठ लई दुखतीया. आन भूक लागलीया.”

त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं.

दुपारी दवाखाना निवला. बाई ओसरीवर येऊन बसल्या. सकाळी सगळा गॉज संपला होता, ड्रम रिकामा. बाईंनी नवी गुंडाळी सोडली. सौमित्र शेजारी बसला आणि न सांगता घड्या घालायला लागला. त्याच्या घड्या तिरक्या पडत होत्या. बाईंनी त्या उलगडल्या नाहीत.



“सौमित्र.”

“बाई?”

“उंबरदांडला एकटा राहशील?”

त्यानं समोर बघितलं. डोंगराच्या पलीकडं कुठंतरी ते कुलूप होतं. आज पहाटे बाईंचा हात त्याच्या हातावर होता. तो नसता तर...

“...नाही, बाई,” तो म्हणाला. “आजच्यासारखं बाळंतपण आलं तर मला एकट्याला भीती वाटेल. कोणाला तरी विचारावं लागेल. तुम्हाला. तिथल्या लोकांना.”

बाईंनी शेवटची घडी ड्रममध्ये ठेवली. झाकण लावलं. कमरेची किल्ली सोडून त्याच्या मांडीवर टाकली.

“सामान बांध.”